हळदीकुंकवाला न बोलावलेल्या काकी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मोर्चात चालले. ८ मार्चला, रत्नागिरीत, मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत. इतकी वर्षं गेले नाही, कारण मोर्चा म्हणजे पुढारी बायकांचं काम, आपलं काय अडलंय, असं मला मनापासून वाटायचं. यंदा बचत गटातल्या सगळ्या निघाल्या म्हणून निघाले.

काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, पडवीत आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा सारखा करत बसल्या होत्या. "कुठं गो चाललीस?" मी सांगितलं. त्यांनी हात झटकले, चपला घातल्या. "थांब, मी पण येत्ये."

मिरकरवाड्याच्या मासळी विकणाऱ्या, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, कॉलेजच्या मुली, बुरख्यातल्या बायका, सगळ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. "फूल नही, चिंगारी है" म्हणताना माझे नुसते ओठ हलत होते. काकींचा आवाज मात्र माळनाक्यापर्यंत मोकळा झाला. एका मुलीने त्यांच्या हातात फलक दिला. चौथी शिकलेल्या काकींनी एकेक अक्षर जुळवत वाचलं: सारखं काम, सारखी मजुरी. "खरं आहे गो," म्हणाल्या. "दिवसभर आंबा निवडायला वाकायचं आम्ही, नि पैसे गड्याला जास्त." समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. काकी त्यानंतर लग्न होऊन या गावात आल्या आणि तेव्हापासून बागेत जातात. त्या कायद्याचं त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

८ मार्च ही तारीखसुद्धा पोटाशीच बांधलेली आहे. १९१७ साली पेत्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, त्या याच दिवशी. आणि १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईत लाटणी घेऊन निघालेल्या बायकांत लालबागच्या चाळीतली माझी आत्या होती. घरात ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जायची. मी पण हसायचे. त्याची आता लाज वाटते.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. जयस्तंभाजवळ गर्दी दाटली तेव्हा काकींनी माझा हात धरला, आणि लक्षात आलं की बावीस वर्षं एका अंगणात राहून बायकांच्या कुठल्याही मेळ्यात आम्ही दोघी कधी शेजारी उभ्या राहिलो नव्हतो. काका गेले त्याला एकतीस वर्षं झाली. माझ्या घरी हळदीकुंकू असलं की काकी आपणहून मागच्या दारी जात. मी नंतर ताट झाकून पाठवायचे आणि तेवढ्यावर मला बरं वाटायचं. त्यांना बोलवू नको असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी तो इथेच कौतुकाने शेअर केला होता. पुढच्या संक्रांतीला काकी मागच्या दारीच होत्या.

हळदीकुंकू बंद करा असं मी म्हणत नाही, मला ते आवडतं. पण तिथे बाईला आत घेण्याआधी तिचा नवरा आहे का, ते पाहतात. मोर्चात ते कुणी पाहिलं नाही. आपल्या कोकणात तर नवरे मुंबईला आणि शेत, गुरं, सासूसासरे बायकांच्या अंगावर, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. मनिऑर्डरची वाट बघत या बायकांनी घरं उभी ठेवली. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही आणि नवरा गेला की कुंकवाच्या ताटापुढेही जागा नाही. हे चूक आहे. त्यात मीही होते.

परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आदल्या दिवशी काकींच्या घरी जाऊन अक्षत दिली. त्या आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. मी हाताला धरून आत घेतलं. दोघीजणी पन्हं न घेताच उठून गेल्या, त्याचं वाईट वाटलं. काकींना हळद लावली, कुंकू लावलं. ओटी भरताना त्यांना पदर नीट धरता येईना, थोडे गहू जमिनीवर सांडले. त्या खाली बसल्या आणि एकेक दाणा वेचून पदरात घेत राहिल्या.