थुंकीच्या नळीतून वंशावळ निघत नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: आई अमेरिकन असेल तर मुलीला 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन'चं सभासदत्व सहज मिळतं. डीएनए टेस्ट करा, वंशवृक्षाच्या साइटवर नाव शोधा. मावशी आधीच सभासद असेल तर प्रश्नच मिटला. पूर्वज मात्र सैनिक हवा.

यातलं खरं तेवढं आधी. १८९० साली स्थापन झालेल्या या संस्थेत १८ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही स्त्री येऊ शकते. वर्ण, धर्म आड येत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावलेल्या माणसाची ती रक्ताची वंशज हवी. दत्तक घराण्याची वंशावळ चालत नाही. वडील साताऱ्याचे असले तरी आईकडून साखळी जुळली की पुरे. बाकीचा मेसेज सोडून द्या.

"डीएनए टेस्ट केली की झालं." सहा पिढ्या वर गेलात की तुमचे ६४ पूर्वज होतात, एकेकाचा वाटा सरासरी दीड टक्का. आणखी काही पिढ्या वर एखाद्याचा वाटा शून्यही निघतो. आणि रिपोर्टात पूर्वजाचं नाव, गाव, साल यातलं काहीच नसतं. संस्था २०१४ पासून वाय-डीएनए मानते, तोही इतर कागदांच्या जोडीला. तो बापाकडून मुलाकडे जातो, अर्जदार बाईकडे नसतोच. म्हणजे अखंड पुरुषवंशातला एखादा नातेवाईक शोधून त्याची टेस्ट करायची.

"साइटवर वंशवृक्ष तयार मिळतो." मिळतो, पण तो कुणीतरी कुणाचातरी उतरवलेला असतो. आधाराशिवाय तो पुरावा नाही. फार तर कुठं शोधायचं ते कळेल. संस्थेला प्रत्येक पिढीचा पुढच्या पिढीशी सांधा कागदावर दिसायला हवा. तुम्ही, आईवडील, आजी-आजोबा इथवर जन्म-विवाहाचे दाखले बहुधा मिळतात. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, लांब नमुन्याचाच घ्या.

खरी अडचण त्याच्या वर आहे. जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे नुसते आकडे: अमुक वयाचे मुलगे दोन, अमुक वयाची बाई एक. १८५० मध्ये घरातल्या सगळ्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसांची नावं आली, पण नातं लिहिलं नाही. त्यामुळे त्या घरातला आठ वर्षांचा पोरगा मुलगाच असेल असं नाही, पुतण्याही असू शकतो. कुटुंबप्रमुखाशी नातं सांगणारा रकाना आला १८८० मध्ये. १८९० ची बहुतेक कागदपत्रं १९२१ च्या आगीनंतर गेली. म्हणून साखळी बहुधा १७९० ते १८४० च्या पिढ्यांत तुटते, आणि तुटते ती बाईपाशी, कारण तिचं माहेरचं नावच कुठं नसतं. तिथं बापाचं मृत्युपत्र पाहा: "माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको" अशी एक ओळ सापडली की तीन पिढ्यांचं कोडं सुटतं. नाहीतर जमीनविक्रीचं खत, ज्यात सगळे वारस मिळून सही करतात.

या युद्धातल्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायलीही सोडू नका. १८३६ च्या कायद्यानंतर पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा लागे, आणि दाखला नसलेल्या कित्येकींनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांच्या नोंदींची पानं फाडून सरकारकडे धाडली. ती पानं आजही फायलीत आहेत. घरात जुनं बायबल असेल तर नोंदींसोबत मुखपृष्ठाच्या आतलं प्रकाशनवर्षाचं पानही स्कॅन करा. बायबल १८५० चं आणि पहिली नोंद १७७० ची असेल, तर ती मागाहून, ऐकीव लिहिलेली आहे हे तिथंच उघडं पडतं.

"मावशी सभासद आहे." उपयोग आहे, पण जपून. तिच्या अर्जाची प्रत मिळते आणि सामाईक पूर्वजापासून वरचं काम वाचतं, पण त्या पूर्वजापासून तुमच्यापर्यंतचे दाखले तुम्हालाच द्यावे लागतात. शिवाय जुन्या काळी अर्ज ढिल्या पुराव्यावर मंजूर झाले. संस्थेच्या मोफत ऑनलाइन शोधात पूर्वजाचं नाव टाका. त्याच्यापुढे पुढच्या अर्जदारांनी नव्यानं पुरावा द्यावा असा शेरा असेल, तर मावशीचा अर्ज त्या जागी टेकू देणार नाही.

"पूर्वज सैनिकच हवा." साफ चूक. १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात सैन्याला धान्य-गुरं पुरवलेला, निष्ठेची शपथ घेतलेला माणूसही चालतो. उलट धोका नामसाधर्म्याचा. एकाच परगण्यात एका नावाचे दोन जॉन असतात. एकाची सैन्यातली नोकरी दुसऱ्याच्या नावावर चढते. शेजारी, जमीन, बायकोचं नाव जुळवून पाहिल्याशिवाय सैनिकाची यादी जोडू नका.

आता मेसेजमध्ये नसलेली, मराठी घरांत हमखास अडणारी गोष्ट. आईवडिलांचं लग्न पुण्यात झालं आणि आईचं नाव बदललं असेल, तर दोन्ही नावं जोडणारा कागद लागतो. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर जोडा. आणि ५/८/१९९२ ही आपल्याकडे ५ ऑगस्ट, तिकडे ८ मे. अर्जात महिना अक्षरातच लिहा.