‘आजच गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. नैराश्याच्या गोळ्या मेंदू बधिर करतात, जन्माची सवय लावतात, शिवाय ‘सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्याने नैराश्य येतं’ हेच खोटं ठरलंय, तेव्हा आजच बंद करा, असं त्यात म्हटलंय. मिरजेत मेडिकल चालवते, त्यामुळे गोळ्या नेणारी माणसं घाबरून हेच विचारतात.

आधी बधिरपणाचं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं गुंगीची नाहीत. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना मधल्या फटीत सेरोटोनिन सोडते आणि एक प्रथिन ते परत आत ओढून घेतं. गोळी हे ओढून घेणं अडवते. काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, हे खरं आहे. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

सेरोटोनिनच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. सेरोटोनिन कमी झाल्यानेच नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही, असा आढावा 2022 साली प्रसिद्ध झाला. ते मान्य करायलाच हवं. पण गोळ्या गुण देतात की नाही, हे त्या आढाव्याने तपासलंच नव्हतं. ते तपासलं 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने: 522 चाचण्या, 1,16,000 हून अधिक माणसं, 21 औषधं. सगळी औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफकच होता. आणि सेरोटोनिनची नुसती तूट भरायची असती तर गुण लगेच यायला हवा होता. गोळी काही तासांतच काम सुरू करते, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. तेवढ्या काळात पेशी हळूहळू नव्या स्थितीशी जुळवून घेतात, असं मानलं जातं.

सवयीचा गैरसमज बहुधा अल्प्राझोलम या घबराटीवरच्या गोळीमुळे आहे. तिची सवय लागते, पण ती वेगळ्या जातीची गोळी. नैराश्याच्या गोळ्यांची तलफ येत नाही. मात्र एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं, दुखणंही उलटू शकतं. म्हणून मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ‘आजच बंद करा’ हीच आहे.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.