‘कमिशनसाठी दुसराच ब्रँड गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू सावकाश वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश देते. तुम्ही न्यू जर्सीत असता. नेटवर बरंच वाचून वडिलांसाठी फोनॅक कंपनीचं सगळ्यात वरच्या लेव्हलचं कानाचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, नक्की केलं होतं. आमच्या नाशिकच्या सेंटरने त्यांना ट्रायलला दिलं ओटिकॉन या दुसऱ्या कंपनीचं, तेही मधल्या लेव्हलचं. यामागे कमिशन आहे, तपासणीत दीड तास वाया घालवला, तेच मशीन ऑनलाइन ३८ हजारांनी स्वस्त आहे, आणि ‘सगळ्यात चांगली कंपनी कोणती’ एवढ्या साध्या प्रश्नाचंही सरळ उत्तर मिळालं नाही, असं तुमचं म्हणणं आहे.

काकांचा, म्हणजे तुमच्या वडिलांचा, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काय सांगतो किंवा तपासणीत ते काय बोलले, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. त्याची प्रत त्यांच्या फाइलमध्ये दिलेली आहे. त्यांची हरकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तुम्हाला रेघ न् रेघ समजावून सांगेन. इथे लिहिते ते कोणाच्याही कानाला लागू पडेल असं.

आधी कमिशन. हो, प्रत्येक मशीनवर आम्हाला पैसे सुटतात, आणि मशीन जितकं महाग तितके जास्त सुटतात. त्यामुळे तुम्ही स्वतःहून सगळ्यात महाग मॉडेल मागत असताना मधल्या लेव्हलचं देण्यात आमचा फायदा कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. पण तुमची शंका अगदीच बिनबुडाची आहे असंही नाही. जास्त माल उचलणाऱ्या सेंटरना कंपन्या स्कीम देतात, आणि एकाच कंपनीशी बांधलेली दुकानंही असतात. म्हणून कुठल्याही सेंटरमध्ये गेल्यावर तुमच्याकडे किती कंपन्यांची मशीन आहेत, किती कंपन्यांची सॉफ्टवेअर चालतात, हे बेलाशक विचारावं. आमच्याकडे चार कंपन्यांची आहेत, त्यात फोनॅकही आहे.

आता ‘चांगली कंपनी कोणती’. नावं डझनभर दिसत असली तरी जगातली बहुतेक मशीन पाच घराण्यांतून येतात. फोनॅक आणि युनिट्रॉन स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाचे. ओटिकॉन आणि बर्नाफोन डेन्मार्कच्या डिमांटचे, आणि फिलिप्स नावाने मिळणारी मशीनही डिमांटच बनवते. सिग्निया, वायडेक्स आणि रेक्स्टन हे डब्ल्यूएस ऑडिऑलॉजीचे. सिवँटोस (पूर्वीचा सीमेन्सचा श्रवणयंत्रांचा धंदा) आणि वायडेक्स २०१९ मध्ये एकत्र येऊन ही कंपनी झाली. रीसाउंड जीएनचं, तेही डेन्मार्कचंच. स्टार्की अमेरिकेत मिनेसोटाची. आजही एखादे आजोबा येऊन ‘सीमेन्सचंच द्या’ म्हणून अडून बसतात. सीमेन्सने हा धंदा २०१५ मध्येच विकला, त्याच घराण्याची मशीन आता सिग्निया नावाने येतात. या पाचही घराण्यांकडे चांगले इंजिनिअर आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येकजण दुसऱ्याच्या पुढे गेल्याची जाहिरात करतो. ‘नंबर वन कोण’ हे दहा मिनिटांच्या व्हिडिओत सांगणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं; मला कान बघितल्याशिवाय ते जमत नाही.

लेव्हलचा घोळ याहून मोठा आहे. फोनॅकमध्ये ९०, ७०, ५०, ३० अशा पायऱ्या असतात, ओटिकॉनमध्ये १, २, ३, वायडेक्समध्ये ४४० पासून खाली ११० पर्यंत. ९० म्हणजे जास्त ताकदवान आणि ३० म्हणजे कमजोर, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. एका मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या लेव्हलची आवाज वाढवण्याची ताकद साधारण सारखीच असते. ती ठरते कोणता रिसिव्हर लावला यावर, म्हणजे वायरच्या टोकाला कानात जाणाऱ्या त्या छोट्या स्पीकरवर. लेव्हलचे पैसे जातात गोंगाटासाठी: आजूबाजूचा प्रसंग ओळखून मशीनने स्वतःला किती बारकाईने बदलायचं, मागचा कलकलाट किती दाबायचा, समोरच्याच्या आवाजावर माइक किती नेमका रोखायचा. रोज मीटिंगा, हॉटेलं, लग्नाचे हॉल, चालत्या गाडीतली बोलणी असलेल्या माणसाला मी वरची लेव्हल आग्रहाने सांगते. ज्यांचा दिवस घर, टीव्ही, देवळातला पारावरचा कट्टा आणि फोनवरची नातवंडं यांत जातो, त्यांना त्यातलं बरंचसं कधी लागतच नाही. त्या पैशांत मधल्या लेव्हलच्या मशीनसोबत टीव्हीचा आवाज थेट कानात पाठवणारी डबी किंवा बोलणाऱ्याच्या शर्टाला लावायचा छोटा माइक घेतला, तर गोंगाटात त्याचा उपयोग वरच्या लेव्हलपेक्षा जास्त होतो, कारण तो माइक बोलणाऱ्याच्या तोंडापाशी असतो.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. वय झाल्यावर ऐकू कमी येतं ते आधी उंच पट्टीतलं. स, श, थ, फ असे आवाज निसटतात. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं. म्हणून माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण बोलणं कळत नाही.’ खालची पट्टी शाबूत असलेल्या अशा कानाला आम्ही उघडा डोम, म्हणजे कानात बसणारी भोकांची मऊ टोपी, लावतो, नाहीतर कान बंद झाल्यासारखा वाटतो आणि स्वतःचाच आवाज घुमतो. पण मग मिक्सर, पंखा, रिक्षा यांचा खालच्या पट्टीतला गोंगाट डोमच्या भोकांतून थेट कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो. तो मशीनमधून जातच नाही, त्यामुळे मशीन तो दाबूही शकत नाही, मग ते ६० हजारांचं असो की ३ लाखांचं. वरच्या लेव्हलच्या अर्ध्या गुणांवर अशा कानात पाणी पडतं.

मग ब्रँडने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो कुठे पडतो हे काउंटरवर सांगितलं होतं. फोनॅकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये साधं ब्लूटूथ असतं, त्यामुळे कुठल्याही जुन्या-नव्या फोनवर कॉल थेट कानात येतो. शिवाय त्यांचे रॉजर नावाचे, बोलणाऱ्याजवळ ठेवायचे बिनतारी माइक वर्गात शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना फार कामाचे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मी वायडेक्स आवर्जून ऐकवते, कारण उघड्या कानात थेट आलेला सूर आणि मशीनमधून किंचित उशिरा आलेला सूर एकमेकांत मिसळून जो चिरका नाद येतो तो टाळायला त्यांनी मोमेंट या मॉडेलमध्ये ही दिरंगाई अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आणली. ‘माझाच आवाज मला खटकतो’ ही तक्रार असेल तर सिग्नियाकडे स्वतःचा आवाज वेगळा ओळखण्याची सोय आहे. एका कानात कॉक्लियर कंपनीचं इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर दुसऱ्या कानात रीसाउंड जोडीने चालतं; इम्प्लांट ॲडव्हान्स्ड बायोनिक्सचं असेल तर फोनॅक, कारण दोन्ही सोनोव्हाच्याच कंपन्या. ओटिकॉनचा भर आजूबाजूचे सगळे आवाज कापून टाकण्यापेक्षा ते येऊ देऊन त्यातलं बोलणं पुढे आणण्यावर असतो. काहींना ते पहिल्याच दिवशी आवडतं, काहींना कलकलाट वाटतो. म्हणूनच तर ट्रायल.

आता तो दीड तास. दुर्बिणीने कान बघणं, मळ असेल तर ईएनटीकडे पाठवणं, हवेतून आणि हाडातून ऐकण्याची चाचणी, मराठी शब्दांची चाचणी, आणि किती मोठा आवाज असह्य होतो त्याची नोंद. शब्दांच्या चाचणीला वेळ लागतो, पण मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची हे तीच सांगते. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द ओळखता येत नसतील, तर कोणत्याही कंपनीचं मशीन ते ओळखून देणार नाही, आणि हे विकण्याआधी सांगणं आमचं काम आहे.

त्यानंतर होतं रिअल इअर मेजरमेंट. तुम्ही लिहिलंय ‘कानात नळी घालून कॉम्प्युटर बघत बसले’, ते हेच. मशीन कॉम्प्युटरला जोडलं की कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्राम वाचून एक तयार सेटिंग टाकतं, त्याला फर्स्ट फिट म्हणतात. ते सरासरी कानाच्या हिशोबाने असतं, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी कर्कश वाटू नये म्हणून उंच पट्टी बहुधा हातचं राखूनच दिलेली असते. म्हणजे ज्या स, श, थ साठी मशीन घेतलं, तेच कमी. मऊ सिलिकॉनची बारीक नळी पडद्याजवळ ठेवली की त्या माणसाच्या कानात आवाज खरोखर किती पोचतो ते स्क्रीनवर दिसतं. मग ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजच्या एनएएल-एनएल२ सूत्राने, म्हणजे कोणत्या पट्टीला किती आवाज हवा या हिशोबाने, आलेल्या रेघेला आम्ही तो आवाज जुळवतो. हे माप न घेता लावलेलं सगळ्यात वरचं मशीन आणि माप घेऊन लावलेलं मधलं, यांत निवडायची वेळ आली तर माझ्या घरच्या माणसासाठी मी मधलं घेईन. तुम्ही दुसऱ्या सेंटरला गेलात तरी चालेल, फक्त तिथे हे माप घेतात का ते विचारा. भिंतीवर कोणत्या कंपनीचा बोर्ड आहे यापेक्षा हे महत्त्वाचं.

ऑनलाइनचे ३८ हजार. तो आकडा खोटा नाही, मीही बघितला. त्यात मशीनचा डबा येतो. आमच्या आकड्यात ट्रायल, हे माप, दोन वर्षांची सगळी ट्यूनिंग, वॅक्स गार्ड (मळ अडवणारी बारीक जाळी) आणि डोम बदलणं, आणि रिसिव्हर बिघडला तर कंपनीकडे पाठवून तोवर वापरायला दुसरं मशीन देणं हे धरलेलं आहे. हे तुम्हाला नको असेल तर मशीन कुठूनही आणा, फिटिंगची फी वेगळी घेऊन आम्ही लावून देऊ. ती फी काउंटरवरच्या कागदावर छापलेली आहे. फक्त विकणाऱ्याकडून सीरियल नंबर मागून घ्या आणि भारतातली वॉरंटी त्याच नंबरवर आहे ना, ते कंपनीला विचारा. जाता जाता सगळ्यांसाठीच: छापील किंमत भरमसाट दाखवून त्यावर ‘४० टक्के सूट’ हा या धंद्यातला जुना खेळ आहे. सुटीचा टक्का सोडा, हातात पडणारा शेवटचा आकडा आणि त्यात काय-काय येतं ते लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बिलात कोणी लावला असेल तर विचारा.

दिवाळीत येताना तिकडूनच घेऊन येईन, असंही तुम्ही लिहिलंय. जरूर आणा, पण दोन गोष्टी बघून. तिथल्या काही साखळी दुकानांची मशीन त्यांच्याच सॉफ्टवेअरला लॉक केलेली असतात. ती इथे कोणालाच उघडता येत नाहीत. आणि वॉरंटी बहुधा घेतलेल्या देशापुरतीच असते. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय, औषधाच्या दुकानात मिळायला लागलेली यंत्रं हा वेगळाच प्रकार आहे. ती सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. काकांची सध्याची ट्रायल संपली की तुम्ही ठरवलेलं फोनॅकचं ९० लेव्हलचं मशीनही आठवडाभर नेता येईल, त्याच अनामतीवर, आणि मापही त्याच पद्धतीने घेऊन. कोणतं मशीन किती रुपयांचं हे त्या आठवड्यात त्यांना घरात कोणी सांगू नका. ते मशीन बुधवारपासून मोकळं आहे. काकांनी किंवा काकूंनी फोन करून वेळ घ्यावी, सकाळची मिळाली तर उत्तम, दुपारनंतर समोरच्या रस्त्याचं काम चालू असतं आणि चाचणीला त्रास होतो. येताना काकांचा फोन आठवणीने आणा, ब्लूटूथ जोडून बघावं लागेल.