पाट्या गोणीत भरल्या

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून मोकळी होते.

भाचीच्या ॲडमिशनच्या कामासाठी माझ्या जुन्या कॉलेजात गेले होते. नाव लिहीत नाही. काम लवकर उरकलं, म्हणून पाय आपसूक मागच्या बॉटनीच्या बागेकडे वळले. तर अर्ध्या जागेत लॉन, अर्ध्यात पेव्हर ब्लॉक, कडेनं एका मापाचे पाम. आणि भिंतीला टेकून सिमेंटची रिकामी गोणी, तिच्यात झाडांच्या पाट्या. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खिळ्यानं ठोकून काढलेले नंबर. ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मॅडम, काही कुंड्या गच्चीवर आहेत, काही लोकांनी नेल्या. आता किती मोकळं वाटतं ना?"

मला तिथं रडू आलं. त्याला कळेना बाईंना काय झालं.

टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते मी, १९९८ साल. बागेत एका कुंडीत शिंदळ माकुडी होती. सह्याद्रीच्या कड्यांवर, शिवनेरीसारख्या ठिकाणी बेसाल्टच्या फटीत तग धरून राहणारी, जगात इतरत्र कुठेही आपसूक न उगवणारी. पावसात मांसल पानं येतात, उन्हाळ्यात ती गळून नुसत्या खोडावर जगते. फूल चांदणीसारखं, गडद तांबूस, वर पिवळे ठिपके. मी म्हटलं, "मामा, एक फांदी द्या ना, घरी लावते." माळीमामा खुरपं ठेवून उठले. म्हणाले, "देतो पोरी. पण आधी पाटीवरचा नंबर वहीत उतरव. नंबराबिगर झाड म्हणजे गाव विसरलेलं माणूस."

मी जर्नलच्या मागच्या पानावर नंबर लिहिला. फांदी घेतली.

ही माकुडी फांदीवरून सहज लागते, म्हणून लोकांना वाटतं की मग काळजी कसली, करा शंभर कुंड्या! अहो, एका झाडाच्या शंभर फांद्या म्हणजे शंभर झाडं नव्हेत, एकाच झाडाच्या शंभर नकला. एखादा रोग आला तर सगळ्या एकदम आडव्या. जात वाचवायची तर वेगवेगळ्या कड्यांवरची वेगवेगळी झाडं हवीत, आणि कुठलं कुठून आणलं ते पाटीवरच्या नंबरासमोर लिहून ठेवलेलं हवं. उद्या एखाद्या गडावरची माकुडी संपली, तर तिथं परत लावायला तिथलीच हवी. त्यासाठी असते विद्यापीठाची, कॉलेजची बाग. फिरायला नसते ती.

या झाडाचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ठेवलेलं. त्याच फ्रियरच्या काळात पुण्यात गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला बांधायला घेतला, आणि १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या पुणे विद्यापीठाची आज ती मुख्य इमारत आहे. म्हणजे ज्या माणसाचं नाव या झाडाला, त्याच्याच काळातला बंगला आपण शहराची शान म्हणून जपला. झाडाची पाटी मात्र गोणीत.

हो, पाणी लागतं, माणूस लागतो, माळ्याची जागा रिकामी झाली की वर्षानुवर्षं भरत नाहीत, हे मान्य. प्राचार्यांपुढेही दहा अडचणी असतील. पण पेव्हर ब्लॉकला पैसे मिळाले ना?

आणि करणारे करतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पांच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानझाडांच्या, कितीतरी दुर्मिळ जाती जपल्यात. इथं पुण्यात गणेशखिंड बागेला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ती बाग १८७३ पासूनची. दीडशे वर्षं कुणीतरी रोज सकाळी उठून पाणी घातलंय तिथं.

शिकवण्याचंही तेच. मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते. कंदीलपुष्पाच्या नळीत माशी अडकते, आतले केस खाली वळलेले असतात म्हणून तिला बाहेर येता येत नाही, मग केस सुकतात आणि परागकण घेऊन ती सुटते. हे फळ्यावर काढलं की मुलं उतरवून घेतात. फूल हातात दिलं तर डोळे मोठे करतात. फोनवर फोटो असतो हो, नाही कोण म्हणतंय. फोटोला वास नसतो.

आता खरं सांगते, ज्यामुळे आज जास्त लागलं. मामांनी दिलेली फांदी जगली. सिंहगड रोडच्या माझ्या बाल्कनीत आजही आहे, दर पावसाळ्याच्या शेवटी फुलते. पण लग्नानंतर तीन घरं बदलली, त्यात जर्नल गेलं. नंबर गेला. माझ्याकडे झाड आहे, त्याचं गाव नाही. मामांनी एवढं बजावूनही. तिला कुठल्या कड्यावर परत न्यायची, मला सांगता येत नाही.

म्हणून आज त्या गोणीपाशी बसले. एकेक पट्टी पदरानं पुसून फोटो काढले. एक्केचाळीस निघाल्या. गोणी कुठल्या तरी कपाटात ठेवा, भंगारात देऊ नका, असं त्या मुलाला सांगून आलेय. त्यानं हो म्हटलंय, चांगला वाटला पोरगा. आमच्या माकुडीची पाटी त्यात आहे की नाही, कळायला मार्ग नाही, कारण बऱ्याच पाट्यांवर नुसता नंबर आहे.

आमच्या टीवायच्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर माळ्यावरच्या ट्रंका उघडा. त्या दिवशी माझ्यासोबत अजून दोघींनी फांदी घेतली होती, नंबर त्यांनीही उतरवलाय. जर्नलचं शेवटचं पान बघा आणि फोटो टाका.