मी असलं काही बघत नाही

"तो नाही म्हणणार."

दाताच्या दवाखान्यातली खुर्ची, हातात फोन आणि फोनवर लग्न जुळवणाऱ्या एका रिॲलिटी शोचा रात्री जागून गाठलेला शेवटचा भाग. पांढऱ्या पोशाखातली ती आणि काळ्या सुटातला तो लग्न लावणाऱ्यासमोर उभे. तिचं 'हो' म्हणून झालेलं, संगीत थांबलेलं, आता त्याची पाळी. आणि नेमकं तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून हे वाक्य. कार्यक्रमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, तुमचा बघायचा राहिला असेल. एवढी माणुसकी कुणीतरी दाखवायला हवी.

बाई पासष्टीच्या असाव्यात. उजवा गाल टम्म सुजलेला, मांडीवर एक्स-रेचा लिफाफा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर माझ्या फोनवर.

"काकू, मी अजून बघितलं नाहीये," मी म्हटलं.

"मी तरी कुठे बघितलंय? मी असलं काही बघत नाही. सहज नजर गेली."

सहज नजर गेलेल्या माणसाला मुलाचं नाव माहीत नसतं. यांना त्याचं माहीत होतं, त्याने आधी जिला झुलवली तिचं माहीत होतं, आणि ती दुसरी बरी होती हे मतही तयार होतं.

"किती मिनिटं राहिलीत बघा." त्यांनी थेट माझ्या फोनवर बोट ठेवलं. चित्र थांबलं, खालची पट्टी उघडली. "बावीस. हो म्हणाला असता तर बावीस मिनिटं काय दाखवणार? नाच तीन मिनिटं. केक दोन. आईबापांच्या मिठ्या दोन. झाली सात. उरलेली पंधरा कशाला ठेवलीत? रडायला."

मी पट्टीकडे बघत राहिलो. हिशोबात चूक नव्हती.

"दुसरं, तिची आई."

"तिच्या आईचं काय?"

"सकाळपासून तिच्या आईला किती वेळा दाखवलं! बटणं लावताना दाखवली, गाडीत दाखवली, खिडकीशी उभी राहून डोळे पुसताना दाखवली. त्याच्या आईचं तोंड तरी दिसलं का? ज्या घरावर आकाश कोसळणार त्या घराची तोंडं आधी ओळखीची करून ठेवावी लागतात. नाहीतर पहिल्या रांगेत ही कोण बाई रडतेय, असं वाटायचं लोकांना."

"काकू, प्लीज."

"आणि तिसरं तर तुम्ही ऐकलंच नाहीत." त्यांनी माझ्याच फोनवर दहा सेकंद मागे नेलं. पुन्हा दहा, पुन्हा दहा. फोन माझा होता, हे इथे नोंदवून ठेवतो. "आता नीट ऐका. 'मी तिच्यासोबत खूप खूश आहे.' ऐकलंत? बोलताना तोंड दिसतंय का त्याचं? पाठमोरा चाललाय. म्हणजे हे वाक्य त्याने कधी म्हटलंय देव जाणे. आणि 'खूश आहे'नंतर आवाज खाली यायला हवा की नको? वरच राहिलाय. म्हणजे पुढे आणखी काहीतरी होतं. 'पण' असणार. कापलं."

समोरच्या बाकावरचा दातांना तारा लावलेला पोरगा एव्हाना आमच्याकडे सरकून आला होता. "मग दाढी बघा," तो म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे अशा कौतुकाने बघितलं की मी त्या खोलीत उपराच ठरलो.

माझा संताप काकू चुकीचं बोलत होत्या म्हणून नव्हता. त्या शब्दन् शब्द बरोबर बोलत होत्या आणि त्यातलं एकूणएक मला आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही, डोळ्यात पाणी येण्याच्या बेतात असलेला माणूस होतो मी. अशा माणसाला तांत्रिक माहिती देऊ नये.

तर ती माहिती. या कार्यक्रमांत माणूस एकटा बसून कॅमेऱ्याशी मन मोकळं करतो, त्या मुलाखतींवर सगळा डोलारा उभा असतो. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नंतर काढून टाकायचा असतो, म्हणून नुसतं 'हो' हे उत्तर चालत नाही. 'मला तो आवडतो' असं पूर्ण वाक्य लागतं. घटना काल घडलेली असली तरी बोलायचं वर्तमानकाळात, 'मी आता तिच्याकडे चाललोय, माझं काळीज धडधडतंय.' बसलेला असतो सोफ्यावर. कपडे बऱ्याचदा तेच ठेवायला सांगतात, म्हणजे तुकडा कुठेही चिकटवता येतो. कपड्यांवर हुकूम चालतो, शरीरावर चालत नाही. दाढी वाढते, नेलपॉलिश बदलतं, नाकावर ऊन लागतं. प्रसंगात नखं लाल आणि मुलाखतीत जांभळी असली, तर मधे निदान काही दिवस गेलेले असतात आणि ती 'आत्ताची' तगमग शिळी असते.

वाक्यांचीही जोडाजोडी होते. अर्धं मंगळवारचं, अर्धं पुढच्या आठवड्यातलं. या कारागिरीला धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात. जोड लपवायला चित्रात पोहण्याचा तलाव, उडणारा पक्षी किंवा कुणाची तरी पाठ दाखवतात. कान तयार असेल तर मागची घरघर मधेच बदललेली ऐकू येते. पहिल्या अर्ध्यात एसी चालू असतो, दुसऱ्यात नसतो. चेहऱ्यांचंही तसंच. 'तिने हे म्हटल्यावर याने डोळे फिरवले' असं आपण बघतो. त्याने डोळे फिरवले असतील डास गेला म्हणून, परवा.

नेटफ्लिक्सवरचा 'लव्ह इज ब्लाइंड' घ्या, एकमेकांना न बघता लग्न ठरवायचा कार्यक्रम. त्यातले सोनेरी पेले आठवा. धातूचे असल्यामुळे आत किती उरलंय ते दिसत नाही. काचेचा ग्लास आधी अर्धा, मग भरलेला, मग रिकामा दिसला की कापाकापी उघडी पडते. सोनेरी पेला कायम सारखाच. २०२० साली पहिला सीझन आला तेव्हा मला वाटलं होतं, किती ही श्रीमंती!

आणि जेवण. मेणबत्त्या लावलेल्या टेबलावर ताटं भरलेली असतात आणि कुणी घास घेत नाही. चावण्याचा आवाज छातीवरच्या माईकमध्ये जातो, संवाद वाया जातो, म्हणून मंडळी आधीच खाऊन आलेली असतात. इतकी वर्षं इतके लोक त्या अन्नासमोर बसून 'मला तुझ्याबद्दल काहीतरी वाटायला लागलंय' म्हणतात आणि एकही माणूस निदान पाव तरी मोडत नाही, याचा मला खरोखर राग येतो. हे विषयांतर आहे, पण राहवत नाही.

माईकचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. दोघं घट्ट मिठी मारतात तेव्हा कधीकधी त्यातून काळजाचे ठोके ऐकू येतात, आणि ते ठोके खरे असतात. ते कशामुळे पडताहेत हा वेगळा प्रश्न. या जोड्यांना उठसूट हेलिकॉप्टरमधून, कड्यावरून, दोरीला बांधून खाली सोडतात त्याला कारण आहे. डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे, कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरचा. सुमारे सत्तर मीटर उंचीवरचा झुलता पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. भक्कम, बुटक्या पुलावरही तेच केलं. नंतर तिला फोन जास्त आले ते झुलत्या पुलावरच्यांचे. भीतीने छाती उडते आणि माणूस त्याचं श्रेय समोरच्या मुलीला देतो. त्यात फोन, पुस्तकं, बाहेरची माणसं काढून घ्या आणि दहा दिवस एका विषयाखेरीज बोलायला काही ठेवू नका. कुणीही कुणाच्याही प्रेमात पडेल. मी तर सोफ्यावर बसून पडतो.

त्यालाही नाव आहे, 'पॅरासोशल' नातं. पडद्यावरच्या माणसाशी आपलं एकतर्फी नातं जुळतं, हे हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांच्यासमोर रेडिओ-टीव्हीवरचे गप्पिष्ट सूत्रसंचालक होते. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे पक्कं माहीत असतं आणि तरी त्याच्यासाठी जीव तुटतो. त्या दोघांना आठवड्याचे सहा दिवस रोज रात्री येणारा 'लव्ह आयलंड' हा ब्रिटनमधला जोड्या जुळवण्याचा कार्यक्रम दाखवायला हवा होता. चोवीस तासांतून तासाभराचा भाग काढायचा आणि लगेच दाखवायचा, म्हणजे प्रेक्षकाला सावरायला वेळच नाही. २०१७ साली त्यात 'कासा अमोर' आला. जोड्या फोडायच्या, दोन घरांत ठेवायच्या आणि प्रत्येकासमोर नवी माणसं सोडायची. २०१८ साली डॅनी डायर नावाच्या मुलीला तिच्या जोडीदाराचा एक त्रोटक तुकडा दाखवला. त्याची जुनी मैत्रीण त्या दुसऱ्या घरात आली तेव्हाचा त्याचा चेहरा, मागचंपुढचं काही नाही. पोरगी ढसाढसा रडली आणि ब्रिटनमधल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे अडीच हजारांवर तक्रारी गेल्या. २०२१ मध्ये फे विंटर या स्पर्धक मुलीच्या भांडणाच्या एका भागावर जवळपास पंचवीस हजार! वीज गेली तर तक्रार करायचा कंटाळा करणारी माणसं असतात ही. मला त्यांचं हसू येत नाही. ऑफकॉमचा पत्ता माझ्यापाशीही असता तर सव्विसाव्या हजाराची सुरुवात मी केली असती.

दवाखान्यात काकूंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, लिफाफा सावरला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मुलगी लिफ्टमध्ये जाऊन रडेल बघा. तिथे माईक काढत नाहीत." आत गेल्या.

तो नाही म्हणाला. तिची आई पहिल्या रांगेत उभी राहिली, आणि मी तिला ताबडतोब ओळखलं. मुलगी मात्र लिफ्टमध्ये रडली नाही, गाडीत रडली. एवढाच काय तो माझा विजय, आणि तो सांगायला काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा अर्धा जबडा बधिर होता. त्यांनी फक्त भुवई उडवली. तारावाल्या पोराने ती भुवई झेलली.

'तुम्हाला माहीत असतं ना सगळं बनवलेलं आहे, मग बघता कशाला' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणारे सगळे 'मी असलं काही बघत नाही' याच पंथाचे असतात. अहो, प्रसंग बनवलेला असतो, रडणारी मुलगी बनवलेली नसते. तिने खरंच नोकरीतून रजा काढलेली असते. 'लव्ह इज ब्लाइंड'च्या दुसऱ्या सीझनमधल्या जेरेमी हार्टवेलने २०२२ साली दावा लावला, त्यात म्हटलं होतं की आठवड्याला हजार डॉलर देत, दिवसाला वीस-वीस तास काम चाले, दारू मुबलक आणि अन्नपाणी अपुरं, आणि मधेच सोडून गेलं तर पन्नास हजारांच्या दंडाची धमकी. निर्मात्यांनी आरोप नाकारले, पण २०२४ मध्ये चौदा लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे ज्या ढसाढसा रडण्यावर आपण रात्र जागवतो त्यात निम्मं प्रेमभंगाचं असेल, निम्मं झोप न झाल्याचं. हे कळल्यापासून मी वाईट चिडलोय. बघायचं सोडलेलं नाही, पण चिडून बघतो.

आणि एवढं सोसून प्रेक्षकाला शेवटी मिळतं काय? पुनर्भेटीचा भाग. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'लव्ह इज ब्लाइंड'ची पुनर्भेट थेट दाखवणार होते. लोक तासाभराहून जास्त वेळ कोऱ्या पडद्यासमोर बसले आणि शेवटी तो भाग नुसताच चित्रित करून दुसऱ्या दिवशी दिला. पण निदान त्याला यंत्राचा बिघाड म्हणता येतं. माझ्या या सीझनची पुनर्भेट वेळेवर आली. ती सोफ्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. सूत्रसंचालिकेने विचारलं, तू नाही का म्हणालास? तो म्हणाला, "त्या क्षणी मला आतून जे वाटलं त्याच्याशी मी प्रामाणिक राहिलो." तिने मान डोलावली आणि पुढच्या जोडप्याकडे वळली! रडायला पंधरा मिनिटं काढून ठेवता, आणि कारण सांगायला चाळीस सेकंद?