अंटार्क्टिकातली यंत्रं चुकीचं मोजतात म्हणे!

दाजींनी ऐरोलीच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाच्याला सुनावलं, 'वाच, आणि ते इन्स्ट्रुमेंटेशनचं खूळ सोड.' फॉरवर्डचं म्हणणं असं: अंटार्क्टिकाच्या थंडीत यंत्रं चुकीचंच मोजतात, त्यामुळे तिथली तापमानवाढ, ओझोनचं छिद्र हा सगळा मशीनचा घोळ, यंत्रंही साधीच, कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून तपासलेली, आणि भारत तर सगळं बाहेरूनच आणतो.

माझं पोट रबाळे एमआयडीसीत कॅलिब्रेशनवर, म्हणजे मोजणारी यंत्रं प्रमाणित यंत्राशी ताडून बघण्यावर चालतं. पहिला मुद्दा वाचून डोकंच फिरलं. हवेचं तापमान मोजायला सर्रास प्लॅटिनमचा सेन्सर वापरतात. तापमान बदललं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बदलतो: नेहमीच्या सेन्सरचा शून्य अंशाला 100 ओहम, उणे 40 ला 84.27. तक्ता ठरलेला आहे. आम्ही सेन्सर थंड बाथमध्ये, म्हणजे गार केलेल्या द्रवात बुडवतो, शेजारी प्रमाणित सेन्सर असतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो आणि जो फरक येईल तो सर्टिफिकेटवर लिहून देतो. थंडी वाढली म्हणून प्लॅटिनम मनाला येईल तो आकडा देत नाही.

तथ्य असलंच तर एवढंच: वारा पडलेला असताना बर्फावरून परतणारं ऊन सेन्सरचं आवरण तापवतं आणि तापमान काही अंश जास्त दिसतं. पण ही चूक उन्हामुळे होते. ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात तिचा प्रश्नच येत नाही. त्यावर उपाय म्हणून पंख्याने हवा खेचणारं आवरणही आहे.

ओझोनचा मुद्दा तर चीड आणणारा. 1985 मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ओझोनची ती घट मांडली, अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदींवरून. सूर्यप्रकाशातल्या दोन अतिनील तरंगलांबींची तुलना करून ते ओझोन मोजतं. पुढे 'निंबस-7' उपग्रहाच्या नोंदींतही, म्हणजे निराळ्याच उपकरणाने, तीच घट दिसली. जमिनीवरच्या यंत्राला थंडी बाधली म्हणता, मग अवकाशातल्याला काय बाधलं?

कोल्ड स्टोरेजचं म्हणाल, तर फ्रोझन मटार उणे 18 च्या आसपास ठेवतात. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्रावर 1983 मध्ये उणे 89.2 नोंदलं गेलं. शिवाय नुसतं गार करून भागत नाही. यंत्राला लागणारी साधी लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचून ती खराब होते. तेही सोडवावं लागतं.

सेन्सर बरेचसे बाहेरून येतात, मान्य. पण 2014 मध्ये आर्क्टिकच्या काँग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली सोडलेली 'इंडआर्क' वेधशाळा चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या साथीने उभी केली. दाजी, असली कामं इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेलीच पोरं करतात. त्याला शिकू द्या.