तो तक्ता पुन्हा पाठवू नका

आज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने लाल टीशर्टमधला फोटो टाकला. तो ब्लूमिंग्टनला चाललाय, इंडियाना युनिव्हर्सिटीत. खाली एवढंच लिहिलं होतं, "आता मीपण हूझियर!" इंडियानाच्या संघाला हूझियर म्हणतात, आणि २०२५ च्या हंगामात तो कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता झाला. पाच मिनिटांत एका काकांनी त्याखाली तक्ता डकवला. बिग टेनमधल्या १८ संघांचे आजवरचे एकूण विजय, उतरत्या क्रमाने. सगळ्यात वर मिशिगन, सगळ्यात खाली इंडियाना. सोबत एक ओळ: "एक वर्ष जिंकलात म्हणून काय झालं, इतिहास बघ. आकडे खोटं बोलत नाहीत." पोराने "हो काका" म्हणून हात जोडले आणि फोटो काढून टाकला.

फोटो काढून टाकला, मंडळी. म्हणून हे लिहितोय.

भारतातल्या मित्रांसाठी दोन वाक्यं. बिग टेन ही अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची १८९६ पासूनची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. नावात दहा असले तरी आज संघ १८ आहेत, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

त्या तक्त्यातले पहिले पाच बघा. मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, नेब्रास्का, यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया). वर बिग टेनचं बोधचिन्ह लावलंय, जणू हे सगळे विजय बिग टेनमध्येच मिळवलेत. पेन स्टेट बिग टेनमध्ये फुटबॉल खेळायला लागलं १९९३ साली. नेब्रास्का आलं २०११ मध्ये. यूएससी तर २०२४ मध्ये. नेब्रास्काचे ९०० हून जास्त विजय आहेत, कबूल, पण त्यातले २५५ एकट्या प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांचे, १९७३ ते १९९७ या २५ हंगामांतले, आणि त्यातला एकही बिग टेनचा सदस्य म्हणून मिळवलेला नाही. तो सगळा काळ बिग एट आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्सचा. हे म्हणजे सुनेच्या माहेरचे दागिने सासरच्या यादीत चढवण्यासारखं झालं. मिशिगनसुद्धा १९०७ ते १९१६ या काळात कॉन्फरन्सच्या बाहेर होतं. ओहायो स्टेट आलं १९१२ मध्ये.

आणि शिकागो कुठे आहे त्या तक्त्यात? युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो स्थापनेपासूनची सदस्य. पहिली हाइजमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, १९३५ साली त्यांच्याच जे बर्वँगरला मिळाली. १९३९ मध्ये मिशिगनने त्यांना ८५-० असं चिरडलं, ओहायो स्टेटने ६१-०, आणि त्याच हंगामानंतर त्यांनी फुटबॉल बंद केलं. या दोघांच्या खात्यात ते विजय आजही आहेत, पण हरणाऱ्याची ओळच तक्त्यातून गायब. मग ती कॉन्फरन्सची तुलना कशी?

काकांना आदराने सांगतो, कॉन्फरन्समध्ये तुलना करायची तर हिशेब असा मांडावा लागतो. एका ओळीत एक संघ, एक हंगाम. रकाने वेगवेगळे: वर्ष, संघ, कॉन्फरन्समधले विजय, पराभव, बरोबरी, मग एकूण विजय, पराभव, बरोबरी, आणि शेवटी रद्द झालेल्या विजयांसाठी स्वतंत्र रकाना. "९-३" (नऊ विजय, तीन पराभव) असं एकाच खान्यात चिकटवू नका. स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते, ३ सप्टेंबर, आणि बेरजेत तो हंगाम चुकीचा धरला जातो किंवा धरलाच जात नाही. तीन रकाने करा, नाहीतर चिकटवण्याआधी खान्याचा प्रकार मजकूर ठेवा. मग गाळणी लावा: संघ त्या वर्षी सदस्य असेल तरच ती ओळ धरायची. ही गाळणी लावल्याबरोबर पहिल्या पाचांपैकी तिघांचा डोंगर खाली येतो.

आता पडताळणी, जी कुणीच करत नाही. कोणत्याही एका वर्षी कॉन्फरन्समधल्या सगळ्या विजयांची बेरीज आणि सगळ्या पराभवांची बेरीज सारखी यायलाच हवी, कारण प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. बरोबऱ्यांची बेरीज सम यायला हवी. शिकागोच्या ओळी घातल्या नाहीत तर १९३९ पर्यंतची वर्षं जुळत नाहीत. आणि २०१० जुळतच नाही.

२०१० मध्ये ओहायो स्टेट १२-१ होतं, कॉन्फरन्समध्ये ७-१. खेळाडूंनी आपल्या वस्तू देऊन टॅटू आणि पैसे घेतल्याचं प्रकरण झालं आणि ते विजय रद्द झाले. विस्कॉन्सिनकडून ३१-१८ ने झालेला पराभव मात्र राहिला. अधिकृत नोंद ०-१. आता नीट लक्ष द्या. विजय रद्द होणं आणि सामना बहाल होणं यांत फरक आहे. बहाल झाला तर प्रतिस्पर्ध्याच्या पराभवाचा विजय होतो. रद्द झाला तर जिंकणाऱ्याचा विजय जातो, पण हरणाऱ्याचा पराभव तसाच राहतो. त्या वर्षी मिशिगन ३७-७ असं हरलं. तो सामना ओहायो स्टेटने जिंकलेला नाही, तरी मिशिगन हरलेलं आहे. म्हणून २०१० च्या बेरजेत पराभव सातने जास्त येतात. यूएससीचं २००५ तसंच, मैदानावर १२-१, कागदावर ०-१.

पेन स्टेटचं प्रकरण तर फारच गंभीर. मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर २०१२ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द केले. त्यांचे प्रशिक्षक जो पटर्नो यांचा आकडा ४०९ वरून २९८ झाला (११२ पैकी एक विजय त्यांच्यानंतरच्या प्रशिक्षकाचा). जानेवारी २०१५ मध्ये तडजोडीत सगळे विजय परत दिले. २०१३ साली केलेला तक्ता आणि २०१५ साली केलेला तक्ता यांत नुसत्या कागदामुळे ११२ विजयांचा फरक! त्यांतला एकही सामना त्या दोन वर्षांत खेळला गेला नव्हता. आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे. आकडा कोणत्या तारखेचा आणि कोणत्या नियमाचा, हे त्या तक्त्यावर कुठे लिहिलंय? काहीही ठरवा, मैदानावरचा निकाल धरा किंवा अधिकृत नोंद धरा, पण सगळ्या संघांना तोच नियम लावा आणि तक्त्याखाली एका ओळीत तसं लिहा.

बरोबरीचंही तेच. १९९६ पासून जादा वेळ आला आणि बरोबरी संपली. त्याआधीचं काय करायचं? टक्केवारी काढताना बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव. इंडियानाचंच १९४५ घ्या, ९-०-१. बरोबरी फेकून दिली तर १०० टक्के, पराभवासारखी धरली तर ९० टक्के, अर्धी धरली तर ९५ टक्के. एकच हंगाम, तीन उत्तरं. नुसते विजय मोजणाऱ्या तक्त्यात ती बरोबरी अस्तित्वातच नाही.

आणि टक्केवारी काढताना वर्षावर्षाच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. आधी सगळी बेरीज, मग एकदाच भागाकार. २०२० मध्ये करोनामुळे ओहायो स्टेट कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात फक्त ५-० होतं. सरासरी काढली की ते पाच सामने इतर वर्षांच्या नऊ सामन्यांच्या तोडीचे होऊन बसतात. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याचाही घोळ होतो. २०११ पासून तो होतो, एकूण नोंदीत धरतात, कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? सामन्यांच्या संख्येची. पूर्वी हंगाम नऊ-दहा सामन्यांचा. १९७० पासून ११ ला परवानगी, २००६ पासून कायमचे १२. १९७५ च्या हंगामापूर्वी बिग टेनमधून फार तर एकच संघ 'बोल' सामन्याला, म्हणजे हंगामानंतरच्या निमंत्रणाच्या सामन्याला जायचा, तोही 'रोझ बोल'लाच. १९७३ मध्ये मिशिगन आणि ओहायो स्टेटची १०-१० बरोबरी झाली, कॉन्फरन्सच्या क्रीडासंचालकांनी मतदान करून ओहायो स्टेटला पाठवलं, आणि एकही सामना न हरलेलं मिशिगन, १०-०-१, घरी बसलं. २०२४ मध्ये ओहायो स्टेट स्वतःच्या घरी मिशिगनकडून १३-१० ने हरलं, कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही खेळलं नाही, तरी १४-२ असा हंगाम संपवून राष्ट्रीय विजेतं झालं. १९७३ च्या त्या मिशिगनपेक्षा तक्त्यात चार विजय जास्त! आता हे दोन आकडे एकाच रकान्यात बेरजेला लावायचे?

हजार विजय ही खायची गोष्ट नाही, हे मान्य. मिशिगनने १८ नोव्हेंबर २०२३ ला मेरीलँडला ३१-२४ ने हरवून तो टप्पा गाठला, त्याआधी कुणीच गाठला नव्हता. त्यात १९०१ चे बफेलोविरुद्धचे १२८-० आहेत, तसेच ओहायो स्टेटविरुद्धचे अटीतटीचेही आहेत. लवकर सुरुवात केली म्हणून विजय वाढतात असंही सरसकट नाही. रट्गर्स १८६९ चा पहिला सामना खेळलं, प्रिन्स्टनला ६-४ ने हरवलं, मिशिगनच्या दहा वर्षं आधी, आणि आज एकूण विजयांत कितीतरी मागे आहे. तेव्हा मिशिगनचं मोठेपण मी नाकारत नाही. टक्केवारी काढली तरी मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघंही ७३ टक्क्यांच्या आसपास वरच राहतात.

भारतातल्यांना पटेल असं सांगतो. मुंबईची रणजीची विजेतेपदं ४२, त्यातली १५ सलग, १९५८-५९ ते १९७२-७३. अभिमान आहेच. पण ४१ वं २०१५-१६ ला आलं आणि ४२ वं २०२३-२४ ला. मधल्या वर्षांत विदर्भाने लागोपाठ दोनदा ट्रॉफी नेली. नागपूरच्या पोराने तेव्हा फोटो टाकला असता तर त्याला ४१ चा आकडा तोंडावर फेकून मारला असता का आपण?

राग थोडा उतरलाय आता. काकांना खेळ मनापासून आवडतो, हे मला माहीत आहे. पण मोठी बेरीज काय गिळते ते बघा. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ सलग ३४ सामने हरलं आणि १९९५ मध्ये बिग टेन जिंकून 'रोझ बोल'ला गेलं. तक्त्यात ते वर्ष म्हणजे फक्त १० विजय. इंडियाना वर्षानुवर्षं देशात सर्वाधिक पराभव असलेला मोठा संघ होता. २०२४ मध्ये प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, पहिल्याच वर्षी ११-२, त्याआधी त्या संघाने एका हंगामात दहा विजयही कधी पाहिले नव्हते. २०२५ मध्ये १६-०, ओहायो स्टेटला १३-१० ने हरवून कॉन्फरन्स, मग राष्ट्रीय विजेतेपद. वरच्या स्तरावर १६-० याआधी झालं होतं ते येलचं, १८९४ साली.

बाळा, तू ग्रुपमध्ये आहेस आणि हे वाचशील म्हणून थेट तुला लिहितो. तुझ्या संघाचे बिग टेनमधले न हरलेले हंगाम दोन. १९४५ ला दहा सामने होते आणि बोल सामन्याला जायची मुभा नव्हती, म्हणून नऊ विजय. २०२५ ला १६ सामने मिळाले, म्हणून १६. दोन्ही वर्षी त्यांना हरवणारा कुणी भेटला नाही. फोटो परत टाक, खाली या दोन ओळी लिही, ९-०-१ आणि १६-०. काकांना उत्तर मी देतो.